साठ पानांचा कॅट आणि एक जोडी

उन्हाळ्याच्या सुट्टीत मेहकरजवळच्या एका गावी बहिणीकडे गेलो होतो. दुपारच्या उन्हात बाहेर पडायची सोय नाही, म्हणून ओसरीवर पत्त्यांचा डाव रंगला होता. पण हे पत्ते नेहमीचे बावन्न पानांचे नव्हते. नववीतल्या भाच्याने जुन्या लग्नपत्रिका कापून स्वतःच पाने बनवली होती. नियम पुण्याहून आलेल्या त्याच्या आतेभावाने सांगितलेले. प्रत्येकाचा कॅट वेगळा आणि तो ज्याचा त्याने जमवायचा. कॅटमध्ये साठ पाने, एकाच नावाची जास्तीत जास्त चार, सुरुवातीला हातात सात आणि मग दर खेपेला एक पान ओढायचे.

भाच्याने आपला कॅट एका जोडीवर उभा केला होता: ‘विहीर’ आणि ‘मोटर’. नुसती विहीर हातात आली तर पाणी वर येत नाही, नुसती मोटर आली तर तिला उपसायला पाणी नाही. पण दोन्ही एकदम मांडली, की दर खेपेला पाणी मिळते आणि समोरच्याला डाव आवरणे कठीण होते. तरीही भाचा हरत होता. दर डाव हरला की दोन-चार पाने बदलायचा आणि पुन्हा हरायचा. शेवटी वैतागून म्हणाला, “मामा, माहं नशीबच फुटकं हाये.”

नशिबाचा वाटा किती आणि त्याने जमवलेल्या कॅटचा वाटा किती, हे मोजता येते का? येते. आणि त्यासाठी शाळेतले गणित पुरते.

हा खेळ आला कुठून?

जमवायच्या आणि अदलाबदल करायच्या पत्त्यांचा आधुनिक खेळ १९९३ साली अमेरिकेत सुरू झाला. त्याचे नाव ‘मॅजिक: द गॅदरिंग’. तो रचणारे रिचर्ड गारफील्ड हे गणिती. निवडी आणि मांडण्या मोजण्याच्या गणितातच त्यांनी डॉक्टरेट मिळवली आहे. १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचे पत्ते आले. या दोन्ही खेळांत साठ, चार आणि सात हे आकडे आहेत. मॅजिकमध्ये साठ ही किमान मर्यादा आहे, पोकेमॉनमध्ये नेमकी साठच पाने लागतात.

एकेकटी साधी वाटणारी पण एकत्र आली की डाव जिंकून देणारी पाने, यांना खेळाडू ‘कॉम्बो’ म्हणतात. मॅजिकमधला एक जुना कॉम्बो पाहू. प्रत्येक खेळाडूकडे सुरुवातीला २० जीवनगुण असतात. ‘ब्लॅक लोटस’ हे पान ३ एकक शक्ती देते. त्यातली २ खर्चून ‘चॅनल’ मांडायचे. चॅनलमुळे स्वतःचा एक जीवनगुण देऊन एक एकक शक्ती घेता येते. आपल्या २० पैकी १९ गुण दिले की १९ एकक मिळतात, लोटसचे उरलेले १ धरून २० झाले. मग ‘माउंटन’ या पानातून मिळणाऱ्या लाल शक्तीने ‘फायरबॉल’ मांडायचा आणि ती २० एकक शक्ती समोरच्यावर सोडायची. त्याचे वीसच्या वीस गुण गेले आणि पहिल्याच खेपेला डाव संपला! अशा प्रकारांमुळेच स्पर्धांमध्ये पानांच्या संख्येवर बंधने आली. जिथे लोटस आणि चॅनल चालतात, त्या ‘व्हिंटेज’ प्रकारातही आज दोन्हींचे प्रत्येकी एकच पान ठेवता येते.

हात मोजायचे कसे?

साठांतून सात पाने किती प्रकारे निवडता येतील? ३८,६२,०६,९२० प्रकारे. हे एकेक करून मोजायचे नसते. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त त्यासाठी नियम दिला आहे. सहा रसांपासून किती वेगवेगळी मिश्रणे करता येतील, असे उदाहरणही त्यात आहे (उत्तर ६३, विद्यार्थ्यांना करून पाहू द्या). भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, म्हणजे बुलडाण्याच्या शेजारच्याच जळगाव जिल्ह्यात.

आपण मात्र अपूर्णांकांनीच जाऊ. कॅटमध्ये ४ विहिरी आहेत, म्हणजे ५६ पाने विहिरी नाहीत. पहिले पान विहीर नसण्याची शक्यता ५६/६०. ते गेल्यावर दुसरे विहीर नसण्याची ५५/५९. असे सात वेळा:

५६/६० × ५५/५९ × ५४/५८ × ५३/५७ × ५२/५६ × ५१/५५ × ५०/५४ = सुमारे ०.६०

म्हणजे शंभर हातांपैकी ६० हातांत एकही विहीर येत नाही. मोटरही चारच, म्हणून ६० हातांत मोटर नसते. मग दोन्ही किती हातांत येतील? वर्गात हा प्रश्न विचारला तर हुशार मुले पटकन ०.४ × ०.४ करून १६ टक्के सांगतील. उत्तर जवळचे आहे, पण बरोबर नाही. हातात एक विहीर आली की तिने सातांपैकी एक जागा अडवली, मोटरसाठी सहाच जागा उरल्या. दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत.

बरोबर रीत अशी. विहीर नसलेले हात ६०, मोटर नसलेले ६०. पण ज्या हातांत दोन्ही नाहीत ते या बेरजेत दोनदा मोजले गेले. ते किती? आठही पाने टाळायची म्हणून ५२/६० पासून सात अपूर्णांकांचा गुणाकार करा. तो सुमारे ०.३५ येतो. तेव्हा फसलेले हात ६० + ६० − ३५ = ८५, आणि जमलेले फक्त १५ (काटेकोरपणे १४.५). सातांत जेमतेम एकदा! भाच्याचे नशीब फुटके नव्हते. त्याच्या कॅटकडून याहून जास्त अपेक्षाच करता येत नव्हती.

कॅट सुधारायचा म्हणजे काय करायचे?

विहिरी चारपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. पण विहिरीचे काम करणारे दुसरे पान ठेवता येते. भाच्याच्या घरगुती खेळात ‘पाणाड्या’ नावाचे पान होते. ते मांडले की कॅटमधून विहीर शोधून घेता येते. ‘मिस्त्री’ मोटर शोधून आणतो. ही पाने त्याने प्रत्येकी एकच ठेवली होती आणि ‘वाघ’ मात्र चार, कारण वाघाचे चित्र त्याला छान जमले होते. वाघ आणि तसलीच आवडीची काही पाने काढून ४ पाणाडे आणि ४ मिस्त्री घातले, तर विहिरीची कामगिरी करणारी पाने ८ झाली, मोटरचीही ८. जोडी जमण्याची शक्यता टक्केवारीत अशी बदलते:

दोन घटक, ४ + ४: पहिल्या ७ पानांत १४.५, १० पाने पाहिल्यावर २६.५
दोन घटक, ४ + ८: ७ पानांत २४.४, १० पानांत ४०.५
दोन घटक, ८ + ८: ७ पानांत ४०.६, १० पानांत ६१.३
तीन घटक, ४ + ४ + ४: ७ पानांत ४.७, १० पानांत १२.६

या आकड्यांत दोन धडे आहेत. एक, जोडीला तिसरा घटक लागला की शक्यता कोसळते. म्हणून चांगले खेळाडू घटक वाढवत नाहीत, एकाच कामाची पाने वाढवतात. दोन, हे फुकट मिळत नाही. पाणाड्या मांडायला शक्ती लागते आणि एक खेप जाते. शिवाय घातलेल्या प्रत्येक पानासाठी एक पान काढावे लागते. शक्ती देणारी ‘वीज’ कॅटमध्ये २४ असेल, तर सात पानांत सरासरी २४ × ७/६० = २.८ वीज येते. ती पाने कमी केली, तर जोडी हातात येईल पण मोटर चालायला वीज नसेल! कॅट जमवणे म्हणजे या ओढाताणीतून मधली जागा शोधणे.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. डावात एकत्र मांडलेली पाने गोळा करताना एकमेकांशेजारीच राहतात. कॅट नीट पिसला नाही, तर वरचे सगळे गणित खोटे ठरते. बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवले, की बावन्न पानांचा कॅट दोन भाग एकमेकांत मिसळून पिसला, तर साधारण सात वेळा तरी पिसावा लागतो. लग्नपत्रिकेची जाड पाने अशी पिसता येत नाहीत. ती सतरंजीवर पसरून दोन्ही हातांनी बराच वेळ कालवावीत.

दहा डावांवरून काय कळते?

भाच्याने नवा कॅट बांधला आणि पहिल्या दहा डावांत सात जिंकला. तो खूश! मी त्याला एक रुपयाचे नाणे दिले आणि म्हटले, “दहा वेळा उडव आणि छापे मोज.” नाण्याला कसलेही कौशल्य नसते. तरीही दहांत सात किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता १७६/१०२४, म्हणजे सुमारे १७ टक्के असते. जिंकणे-हरणे सारखेच असलेला कॅटसुद्धा सहांत एकदा असा ‘भारी’ दिसतो. मग दर डावानंतर पाने बदलणारा मुलगा काय शिकणार? त्याच्या हाती फक्त योगायोग लागतात. एका वेळी एकच बदल करावा, पुष्कळ डाव खेळावेत, नोंद ठेवावी, आणि मगच मत बनवावे.

संध्याकाळी भाऊजी सोयाबीनच्या बियाण्याचा विषय काढून बसले. घरचेच बियाणे पेरावे की विकत आणावे? “दहा दाणे भिजवून पाहिले, नऊ उगवले,” ते म्हणाले. ओसरीवरचा प्रश्न आता शेतात गेला होता. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण हवी, असे प्रमाण आहे. बियाणे नेमके ७० टक्क्यांचे असेल, तरी दहा दाण्यांच्या चाचणीत नऊ किंवा दहा उगवण्याची शक्यता १५ टक्के, आणि पाच किंवा त्याहून कमी उगवण्याचीही १५ टक्के असते. म्हणूनच ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडायला सांगतात. शंभर घेतले, तर शंभरातल्या सुमारे पंचाण्णव चाचण्यांत उत्तर ६१ ते ७९ च्या आत येते. दुबार पेरणीचा खर्च ज्याला परवडत नाही, त्याच्या दृष्टीने दहा आणि शंभर यांतला हा फरक साधा नाही. “शेजाऱ्याला गेल्या साली ते वाण चांगलं पिकलं,” हीसुद्धा एका शेताची, एका पावसाची, म्हणजे एकाच डावाची साक्ष असते.

दुसऱ्या दिवशी भाच्यानेच गोणपाट भिजवले आणि शंभर दाणे मोजून मांडले.

वर्गात करून पाहा

वर्गातल्या ३० विद्यार्थ्यांना ६० चिठ्ठ्यांचा एकेक संच करायला सांगा. ४ चिठ्ठ्यांवर ‘वि’, ४ वर ‘मो’ लिहावे, बाकीच्या कोऱ्या. प्रत्येकाने पिशवीत हलवून, न पाहता सात काढाव्यात, नोंद करून परत टाकाव्यात. असे दहा वेळा करावे. तीनशे हातांत जोडी सुमारे ४४ वेळा यायला हवी. ३१ ते ५६ च्या दरम्यान उत्तर आले तर आश्चर्य मानू नये. फळ्यावर प्रत्येकाचा वेगळा आकडाही लिहा. कोणाला दहांत एकही जोडी मिळाली नसेल, कोणाला चार मिळाल्या असतील, आणि पिशव्या तर सारख्याच आहेत. मग त्यांना विचारा: यांतला नशीबवान कोण, आणि हे ठरवायला आणखी किती हात काढावे लागतील?