वीस ग्रॅम प्रथिनांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं, शाळा सुटण्याच्या सुमारास, एक बाई आपल्या धाकट्या मुलास घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचा थोरला मुलगा आमच्याच शाळेंत शिकतो. धाकट्यास अपस्माराचे, म्हणजे आपल्याकडे ज्यास फेपरें किंवा मिरगी म्हणतात त्या रोगाचे, झटके येत. औषधें बदलून पाहिलीं तरी झटके थांबेनात; तेव्हां शहरांतील डॉक्टरांनीं त्यास कीटोजेनिक आहारावर ठेविलें होतें. बाईंच्या हातांत त्या आहाराचा कागद होता व त्यावर 'प्रथिनें २० ग्रॅम' असें लिहिलेलें होतें. त्यांचा प्रश्न एवढाच होता, "सर, वीस ग्रॅम म्हंजी किती अंडी?"

आम्ही गणित शिकवितों, म्हणून प्रश्न सोपा वाटला आणि तेथेंच आम्ही फसलों. एक अंडें पन्नास ग्रॅमांचें. तेव्हां वीस ग्रॅम म्हणजे अर्ध्या अंड्याहूनहि कमी, असें आम्हीं सांगून टाकिलें. थोरला मुलगा बाजूस उभा होता. तो भीत भीत म्हणाला, "सर, अंड्यांत पाणीहि असतें ना?" आम्हांस लाज वाटली, पण पोराचा अभिमानहि वाटला. पदार्थाचें वजन व त्यांतील प्रथिनाचें वजन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पन्नास ग्रॅमांच्या अंड्यांत प्रथिन सुमारें ६ ग्रॅम असतें. बाकीचें बहुतेक पाणी व स्निग्धांश. आमचें उत्तर खरें मानून ती माउली घरीं गेली असती, तर पोराच्या वाट्यास अंड्यांतून दिवसाकाठीं अडीच ग्रॅम प्रथिन आलें असतें.

हा आहार नवा नव्हे. उपासानें झटके कमी होतात हें पूर्वींपासून ठाऊक होतें. पण मुलास उपाशी किती दिवस ठेवणार? १९२१ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डर यांनीं सुचविलें कीं, आहारांत स्निग्ध पदार्थ पुष्कळ व पिष्ट-शर्करा अगदीं थोडी ठेविली, तर पोट भरूनहि शरीरांत उपासासारखीच अवस्था येते. साखर मिळेनाशी झाली म्हणजे यकृत चरबीपासून कीटोन नांवाचीं द्रव्यें तयार करितें व मेंदू बराचसा त्यांवर चालतो. तेथीलच डॉ. पीटरमन यांनीं १९२५ सालीं प्रमाण दिलें : मुलाच्या वजनाच्या दर किलोस १ ग्रॅम प्रथिन, दिवसास १० ते १५ ग्रॅम पिष्ट-शर्करा, बाकी सर्व स्निग्ध. पुढें १९३८ सालीं फेनिटॉइन हें औषध आलें व आहार मागें पडला. तथापि ज्यांस औषधें लागू पडत नाहींत अशा मुलांसाठीं तो पुन्हां वापरांत आला. मुंबईच्या डॉ. जनक नाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं भारतीय मुलांवरील आपला अनुभव २००९ सालीं 'इंडियन पेडिॲट्रिक्स' मासिकांत प्रसिद्ध केला आहे.

आतां हिशेब. मुलाचें वजन २० किलो, म्हणून प्रथिन २० ग्रॅम. दिवसाचे उष्मांक डॉक्टरांनीं १२०० ठरविले होते व प्रमाण चारास एक, म्हणजे प्रथिन व पिष्ट मिळून १ ग्रॅम तर स्निग्ध ४ ग्रॅम. स्निग्धाच्या ग्रॅमास ९ उष्मांक, इतर दोहोंच्या ग्रॅमास ४. तेव्हां एका वाट्याचे उष्मांक ३६ अधिक ४, म्हणजे ४०. बाराशेंस चाळीसांनीं भागिलें कीं ३० वाटे. स्निग्ध १२० ग्रॅम. प्रथिन व पिष्ट मिळून ३०. त्यांतून २० प्रथिनाचे वजा जातां पिष्टास उरले अवघे १० ग्रॅम. दोन अंड्यांचें १२ ग्रॅम प्रथिन, २५ ग्रॅम पनीराचें सुमारें ५, आणि उरलेलें ३ ग्रॅम साय, शेंगदाणे व भाजी यांतून. हें शेवटचें तीन ग्रॅम लोक मोजीतच नाहींत.

खरी अडचण हिशेबांत नव्हती, घरांत होती. आजीचा जीव राहीना. "पोर वाळलंय," म्हणून ती गुपचूप तिसरें अंडें देई आणि कधीं चतकोर भाकरी. अंडें पौष्टिक, त्यानें काय बिघडणार? पण मांडून पाहा. तिसऱ्या अंड्यानें प्रथिन ६ ग्रॅम वाढलें, स्निग्ध ५. आतां स्निग्ध १२५ व बाकीचे ३६. चारास एक हें प्रमाण साडेतिनाच्याहि खालीं आलें. शिवाय जादा प्रथिनाच्या कांहीं अंशापासून यकृत साखर बनवूं शकतें, व कीटोन घटतात. आणि भाकरी? साठ ग्रॅम बाजरीच्या पिठांत पिष्ट सुमारें ३७ ग्रॅम, चतकोरांत नऊ. दिवसाचा सगळा शिधा त्या एका चतकोरांत संपला!

उलट प्रथिन कमी करणेंहि तितकेंच घातक. चरबीसारखें प्रथिनाचें कोठार शरीरांत नाहीं. तें कमी पडलें कीं शरीर आपलेच स्नायु मोडून गरज भागवितें, व वाढत्या मुलाची उंची खुंटते. म्हणूनच २० म्हणजे २०. प्रेमानें २६ नव्हे व भीतीनें १२ नव्हे.

औद्योगिक वसाहतींतील कांहीं तरुण वजन उतरविण्यासाठीं हाच आहार करितात, म्हणून दोन शब्द. त्यांचें गणित निराळें आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणें निरोगी प्रौढास किलोस ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरतें. पण वजन उतरत असतां स्नायु झिजूं नयेत म्हणून सामान्यतः १.२ ते १.५ धरितात, आणि तेंहि आजच्या वजनावर नव्हे, उंचीस साजेशा वजनावर. साजेसें वजन ६० किलो असेल तर ७२ ते ९० ग्रॅम. शाकाहारी मनुष्याची येथें पंचाईत होते. तुरीच्या डाळींत शंभर ग्रॅमांस २२ ग्रॅम प्रथिन आहे खरें, पण त्याबरोबर पिष्ट ५५ ग्रॅमांच्या वर येतें. मांसाहाऱ्यास नाथसागराची मासळी सोयीची. मात्र कच्ची तोलावी, शिजल्यावर पाणी जाऊन वजन बदलतें. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं, तसेंच मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीं डॉक्टरांवांचून या वाटेस जाऊंच नये.

थोरल्यानें आतां एक वही केली आहे. सोनाराकडील काट्यासारखा छोटा काटा आणून तो रोज सकाळीं तोलून लिहितो, व आजीसहि त्यानें तो काटा वाचावयास शिकविलें आहे. झटके पूर्वींपेक्षां कमी आहेत, थांबलेले नाहींत. औषधें चालूच आहेत. गेल्या तपासणींत धाकट्याचें वजन २२ किलो भरलें. डॉक्टरांनीं नवा कागद दिला आहे, आणि त्यावर प्रथिनें २२ ग्रॅम असें लिहिलें आहे.