बंद भांड्यातील शिल्लक

भाईंदर पश्चिमेस, स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर, सकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्या गाड्यांची झुंबड ओसरून दुकानांची शटरे वर सरकू लागतात त्या सुमारास, एका हातात तोटीचा स्टीलचा जार आणि दुसऱ्या हातात कागदी पेल्यांची चळत घेऊन गाळोगाळी फिरणारा जो चहावाला दृष्टीस पडतो, तो आपला व्यवहार एका चमत्कारिक अज्ञानात चालवीत असतो. दूध आज काय भावाने आले, कोणत्या गाळ्याची उधारी किती दिवस तुंबली आहे, कोणत्या शेठजींस बिनसाखरेचा लागतो, हा सारा तपशील त्याच्या जिभेवर असतो. परंतु ज्या मालावर हा सगळा जमाखर्च उभा, तो चहा या घटकेस जारात किती शिल्लक आहे, एवढे मात्र त्यास नक्की सांगता येत नाही. तो जार उचलून अंदाज घेतो, तिरपा करून पाहतो, आणि तरीही संशय फिटला नाही म्हणजे झाकण फिरवून आत डोकावतो. या डोकावण्याची किंमत पडते, ती अशी की एक ग्रॅम पाण्याची वाफ होऊन निसटली म्हणजे मागे राहिलेले एक लिटर पाणी सुमारे अर्ध्या अंशाने निवते.

उष्णता राखणे आणि आतला ऐवज दाखविणे, ही दोन कामे एकाच भिंतीकडून करवून घेणे किती अवघड आहे, हे ध्यानी येण्यास त्या भिंतीची घडण पाहिली पाहिजे. उष्णता तीन वाटांनी पळते: पदार्थातून वहन होऊन, हवेच्या किंवा पाण्याच्या प्रवाहाबरोबर, आणि प्रकाशासारख्या अदृश्य किरणांच्या रूपाने. दोन भिंतींमधील हवा काढून घेतली की पहिल्या दोन वाटा जवळजवळ बंद होतात. तिसरी अडविण्यासाठी भिंतीस आरशासारखी चकाकी द्यावी लागते. सर जेम्स ड्यूअर यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८९२ च्या सुमारास द्रवरूप वायू सांभाळण्यासाठी जी दुहेरी काचपात्रे करविली, ती प्रारंभी पारदर्शक होती आणि श्रोत्यांस त्यांतून द्रवरूप प्राणवायूचा फिका निळा रंग स्पष्ट दिसे. चांदीचा मुलामा दिल्याने किरणांची गळती कितीतरी घटते असे लवकरच आढळून आले, तेव्हा ड्यूअर यांनी तो दिला, आणि त्याबरोबर आतील दृश्य नाहीसे झाले. पुढे बर्लिनच्या राइनहोल्ड बुर्गर यांनी याच पात्रास धातूचे कवच घालून १९०४ पासून ‘थर्मास’ या नावाने बाजारात आणले आणि ते घरोघर गेले. आपल्याकडे काचेच्या धंद्याचा मोठा प्रारंभ पैसा फंडाच्या कारखान्याने १९०८ साली ज्या तळेगाव दाभाड्यास केला, त्याच गावातून कालांतराने ईगलचे थर्मास महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत पोहोचले. परंतु यांपैकी कोणत्याही थर्मासात चहा किती उरला, हे झाकण न काढता कळण्याची सोय नव्हती.

प्रयोगशाळांनी यावर एक सरळ तोड काढली. मुलामा देताना एक उभी पट्टी मोकळी सोडावयाची. तीतून पातळी दिसते आणि निर्वात पोकळीही अभंग राहते. या पट्टीचा खर्च काय, याचा ढोबळ हिशेब कोणासही करता येईल. आत नव्वद अंशांचे पाणी, बाहेर तीस अंशांची हवा, आणि पट्टी एक सेंटिमीटर रुंद व वीस सेंटिमीटर उंच धरली, तर तेवढ्या जागेतून किरणरूपाने एक वॅटच्या आतबाहेर उष्णता जाते. एक लिटर पाण्याच्या संदर्भात हे नुकसान तासाला पाऊण-एक अंशाचे झाले. वाचकांस ही रक्कम क्षुल्लक वाटेल. परंतु मुलामा दिलेल्या उरलेल्या सबंध पृष्ठभागातून किरणांवाटे जेवढी गळती होते, तिच्याहूनही या अरुंद पट्टीची गळती अधिक भरते. तरीही हा सौदा मला वाजवी वाटतो, कारण तासातून एकदा झाकण उघडून पाहणारा मनुष्य याहून फार काही वाचवीत नाही.

तथापि आज काचेचा थर्मास रस्त्यावर कोणी नेत नाही. तो पडतो, फुटतो, आणि फुटल्यावर चहात काचेचे कण मिसळल्याची धास्ती राहते. म्हणून स्टील आले. भाईंदरकरांस स्टील अपरिचित नाही. रुळांच्या पलीकडे, पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत, पत्र्याची सर्कले प्रेसखाली दाबून, डायवर फिरवून आणि बफिंगच्या चाकावर झळकावून भांडी काढण्याचा धंदा अनेक वर्षे चालत आला आहे, आणि देशभरच्या मांडवांत व दुकानांत त्यांतील पेले, डबे, टोप जाऊन पोहोचलेले आहेत. अशा कारागिरास स्टीलच्या निर्वात जारात काचेची उभी खिडकी बसविण्यास सांगितले, तर तो नकारार्थी मान हलवील, आणि त्याचा नकार शास्त्रशुद्धच असेल. स्टील तापले असता बोरोसिलिकेट काचेच्या मानाने पाचपट प्रसरण पावते. अशी काच आणि स्टील यांचा सांधा रोज तापला-निवला की कधी तरी त्यास केसाएवढी भेग पडणार, त्या भेगेतून हवा आत शिरणार, आणि मग निर्वात पोकळीच्या ठिकाणी नुसती दोन पत्र्यांमधील हवा उरणार. असा जार बाहेरून पूर्वीइतकाच देखणा दिसतो. फक्त तो हातास गरम लागू लागतो.

खिडकी शक्य नसेल तर नळी आहे. बंद भांड्यातील पाणी बाहेरून पाहण्याची निकड सर्वांत आधी बाष्पयंत्रांस भासली. बोरिवलीपासून विरारपर्यंतचा मार्ग १९३६ साली विजेवर येण्यापूर्वी वसईची खाडी ओलांडणाऱ्या प्रत्येक इंजिनात, चालकाच्या डोळ्यांसमोर, बॉयलरला वर आणि खाली जोडलेली काचेची उभी नळी असे. तीतील पाण्याची रेषा ही आतल्या पाण्याची ग्वाही. ती रेषा खाली जाऊन भट्टीचे छत उघडे पडले, तर स्फोटाचा धोका, म्हणून त्या छतात शिशासारख्या लवकर वितळणाऱ्या धातूची खुंटी बसविलेली असे, की जी पाणी संपताच वितळून वाफ भट्टीत सोडील आणि चालकास सावध करील. चहाच्या मोठ्या भांड्यांना तोटीजवळ जी काचनळी असते, ती याच नळीची धाकटी बहीण.

मात्र चहाच्या व्यवहारात ही बहीण तितकीशी सत्यवचनी नाही. पाच लिटरचा, सोळा सेंटिमीटर व्यासाचा आणि सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीपर्यंत भरलेला जार कल्पनेत घेऊ. आतला चहा नव्वद अंशांचा आणि हलका. बाहेरच्या उघड्या नळीतील चहा चाळीस अंशांपर्यंत निवलेला आणि म्हणून घट्ट. तळाशी दोहोंचा दाब समान असावा लागतो, तेव्हा जड स्तंभ थोडक्या उंचीतच तोल साधतो, आणि नळीतील रेषा खऱ्या पातळीच्या सात मिलिमीटर खाली राहते. या जारात सात मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दीडशे मिलिलिटर, म्हणजे दोन कटिंग. शिवाय नळी तोटीच्या अंगास जोडलेली असली तर तोटी उघडताच तेथील दाब उतरून रेषा झपकन खाली जाते आणि तोटी मिटल्यावर पुन्हा वर चढते. सर्वांत मोठी अडचण मात्र दुधाची. काळा चहा नळीत एक वेळ चालेल. आपल्याकडील दुधाचा, साखरेचा, आले-वेलदोड्याचा चहा अरुंद नळीत साय आणि चोथा यांचा थर धरतो, आणि चार-सहा दिवस ब्रश न फिरविल्यास तेथे आंबूस वास येऊ लागतो. जी वस्तू धुण्यास अवघड, ती रस्त्यावरच्या धंद्यात टिकत नाही, मग ती कितीही शास्त्रशुद्ध असो.

भिंतीला मुळीच भोक न पाडता आतली वार्ता बाहेर आणणारा एक मार्ग मला विशेष चित्तवेधक वाटतो, आणि त्याचा उगम भांड्यांच्या दुकानातच आहे. स्टील उत्तम की हलके, हे पाहण्यासाठी गिऱ्हाईक भांड्यास चुंबक लावून पाहते. चुंबक चिकटले नाही की माल पसंत. ही कसोटी प्रतीविषयी फारसे काही सिद्ध करीत नाही, कारण स्वस्त २०० मालिकेचे स्टीलही चुंबकास दाद देत नाही. परंतु तीतून एक उपयुक्त गोष्ट निघते. ज्या भिंतीस चुंबक चिकटत नाही, तिच्यातून चुंबकाचे बल आरपार जाते. तेव्हा जाराच्या आत एका उभ्या दांड्यावर सरकणारा, आत चुंबक दडविलेला पोकळ तरंगा ठेवला, आणि बाहेर भिंतीवर खोबणीत सरकणारी छोटी चुंबकी खूण बसविली, तर तरंगा जसजसा उतरेल तसतशी ती खूण निर्वात पोकळीपलीकडून त्याच्यामागे उतरेल. रसायनांच्या कारखान्यांतील टाक्यांवर या धर्तीचे पातळीदर्शक लावलेले असतात.

येथेही तपशिलात दगा आहे. दोन चुंबकांमधील अंतर दुप्पट झाले की त्यांची ओढ दुरावर सोळा पटींनी घटते, म्हणून तरंगा भिंतीलगत चालला पाहिजे आणि पोकळी चार-सहा मिलिमीटरांहून जाड नको. निओडिमियमचा साधा चुंबक ऐंशी अंशांच्या वर बल गमावू लागतो. उकळून भरलेल्या चहात तो कालांतराने निकामी होईल, म्हणून जुना, वजनदार, पण तापास न डगमगणारा फेराइट चुंबकच योजावा लागेल, किंवा उच्च तापमानासाठी मुद्दाम घडविलेल्या प्रतीवर अधिक पैसे मोजावे लागतील. आणखी एक गोष्ट प्रेसवर काम करणाऱ्यांस अनुभवाने ठाऊक असते: जे स्टील कोरे असताना चुंबकास ओळख देत नाही, तेच खोल ओढून घडविल्यावर, विशेषतः काठांशी, किंचित चुंबकीय बनते. अशा जागी खूण अडखळेल. भांडे पुन्हा तापवून नरम करून घेतले म्हणजे हा दोष जातो. पण तो एक जादा खर्च, आणि भांड्यांच्या धंद्यात एका भांड्यामागे चार रुपये वाढले तरी कारखानदार दोनदा विचार करतो. तरंगा दांड्यासकट झाकणाबरोबर बाहेर काढता आला, तर मात्र धुण्याचा प्रश्न सुटतो. आणि हे ज्या आराखड्यात नाही तो मी तरी मंजूर करणार नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, तो असा की एवढ्या खटाटोपाची गरजच काय, हात तर वजन ओळखतोच. ते खरे आहे. दोन वजने लागोपाठ उचलली तर माणसाच्या हातास दोन-चार टक्क्यांचा फरकही जाणवू शकतो. परंतु सकाळी भरलेल्या जाराचे वजन दुपारपर्यंत हाताच्या स्मरणात राहत नाही, आणि वीस लिटरच्या पाण्याच्या जारापाशी तर हाताचा इलाजच चालत नाही, कारण तो कोणी उचलून पाहत नाही. कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत उभा असलेला तो निळा-पांढरा थंड पाण्याचा जार संपत आल्याची वार्ता तोटीतून मिळते. धारेचा वेग तोटीवरील पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पाणी एक चतुर्थांश उरले म्हणजे धार निम्म्या वेगाची होते आणि पेला भरण्यास दुप्पट वेळ लागतो. या जारांसाठी मला सर्वांत स्वस्त तजवीज दिसते ती जाराबाहेरची. जार स्प्रिंगच्या तिवईवर ठेवावा. वीस किलोंच्या भाराने तिवई पाच सेंटिमीटर दबत असेल, तर दर लिटरमागे ती अडीच मिलिमीटर वर उठेल, आणि पायावर कोरलेल्या खुणा कोणासही वाचता येतील. यात भिंत फुटत नाही, पाण्यास काही स्पर्श करीत नाही, आणि जार बदलला तरी तिवई तीच राहते.

इंडियन ऑईलने २०२१ साली जो संमिश्र पदार्थाचा हलका गॅस सिलिंडर आणला, त्यातून वायूची पातळी बाहेरून अंधुक दिसते. गृहिणींस तेथे ओल्या फडक्याने सिलिंडर पुसून ओलाव्याची रेषा शोधण्याची गरज उरली नाही. थर्मासाच्या बाजारात उलट प्रकार झाला. झाकणावर आकडे उजळून आतल्या चहाचे तापमान सांगणाऱ्या बाटल्या सर्वत्र मिळू लागल्या. म्हणजे जी गोष्ट पहिल्या घोटास आपोआप कळते ती सांगण्यास वीज खर्ची पडली, आणि जी घोट घेऊनही कळत नाही, ती शिल्लक, अंधारातच राहिली. ध्वनिलहरी सोडून पातळी मोजणारी झाकणे करता येतात. परंतु वाफेने भरलेल्या तप्त हवेत ध्वनीचा वेग बदलत असल्याने तीही तापमान विचारल्यावाचून खरे बोलत नाहीत. केंद्र सरकारने २०२३ साली घरगुती वापराच्या उष्णतारोधक फ्लास्क व बाटल्यांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला, तेव्हा या मालास मानकाची चौकट लागली. तीत माल किती वेळ ऊन राहतो हे तपासता येते, तो किती उरला याची चौकशी करणारे अद्याप कोणी नाही.

चहावाल्यास, खरे म्हटले तर, जार अर्धा आहे की पाऊण, याची फिकीर नसते. त्याचा प्रश्न शेवटच्या दहा पेल्यांचा असतो: पुढच्या इमारतीचे दोन मजले चढावे, की आताच माघारी फिरून भरून आणावा. पेला पासष्ट मिलिलिटरचा धरला, तर सोळा सेंटिमीटर व्यासाच्या त्या जारात एक पेला म्हणजे पातळीतील तीन मिलिमीटरांचा फरक, आणि हलत्या हातात तीन मिलिमीटर वाचणे कोणास साधणार? म्हणून मोजपट्टी सुधारण्याआधी भांड्याचा तळ बदलावा, असे मला वाटते. जाराचा खालचा भाग निमुळता करून दहा सेंटिमीटर व्यासावर आणला, तर शेवटचे दहा पेले तीनऐवजी आठ सेंटिमीटर उंची व्यापतील; तेथे तरंगा दर पेल्यामागे आठ मिलिमीटर उतरेल, आणि खुणा लिटरांच्या नव्हे तर पेल्यांच्या कोरता येतील. असा निमुळता तळ डायवर फिरवून काढणे ही भाईंदर पूर्वेच्या कोणत्याही गाळ्यात रोजची गोष्ट आहे. त्याला दुसरी, तितकीच निमुळती बाहेरची भिंत जोडून मधली हवा काढून घेणे, हे काम मात्र प्रेस आणि बफिंगच्या चाकावर होत नाही; त्यास निर्वात भट्टी लागते, आणि ती घेण्याइतकी मागणी अशा जाराला येईल की नाही, हे पश्चिमेच्या रस्त्यावर जार वाहणाऱ्यांनाच विचारून पाहावे लागेल.