दम रोजचाच, पण आजचा वेगळा

सीओपीडीत श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. बिडी-सिगारेटने हा आजार होतो, तसा वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या बायकांनाही होतो. दम रोजचाच असल्यामुळे आजार बळावला तरी ‘हवा बदललीय, उतरेल’ म्हणत पेशंट घरीच बसतो. पूर्व लंडनमध्ये १९९०च्या दशकात संशोधकांनी पेशंटना रोज घरी भरायला नोंदपत्रं दिली. त्यांत दिसलेले आजार बळावण्याचे जवळपास निम्मे प्रसंग डॉक्टरांपर्यंत पोचलेच नव्हते.

सर्दीचा विषाणू, जिवाणू किंवा धूर, निमित्त काहीही असो. आधीच सुजलेल्या नळ्या आणखी सुजतात आणि कफ वाढतो. हवा आत शिरते, पण पूर्ण बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो. छाती फुगलेलीच राहते आणि माणूस बसल्या जागी धापा टाकतो. लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमधलं एक विकर मुळात हिरवं असतं, म्हणून बेडका पिवळा-हिरवा होतो. किळस बाजूला ठेवून तो पांढऱ्या कागदावर, उजेडात बघावा.

लंडनच्या त्या अभ्यासातला नियम घरीही वापरता येतो. दम वाढणं, कफ वाढणं, कफाचा रंग बदलणं ही मोठी लक्षणं. सर्दी, घसादुखी, खोकला, घरघर ही लहान. सलग दोन दिवस दोन मोठी, किंवा एक मोठं आणि एक लहान लक्षण वाढलं, की आजार बळावला असं धरायचं. तुलना स्वतःच्या नेहमीच्या दिवसाशी. शेजाऱ्याच्या दमाशी नाही.

फोनवर ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. ‘परवापर्यंत जिना न थांबता चढत होतो, कालपासून संडासला जाऊन आलं तरी धाप लागते, कफ हिरवा झालाय, पंप दोनदाऐवजी सहादा घ्यावा लागतोय’ असं सांगावं. उपचार जितके लवकर सुरू होतात, तितका पेशंट लवकर सावरतो, हेही त्याच नोंदींतून दिसलं.

ओठ निळे पडले, वाक्य एका दमात पुरं होईना, बोलणं असंबद्ध झालं, तर थेट १०८. रात्रभर धापा टाकणारा माणूस सकाळी गुंगीत गेला की घरच्यांना वाटतं, आता डोळा लागला. ते रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचं लक्षण असू शकतं. अशा वेळी घरच्या ऑक्सिजनचा प्रवाह मनाने वाढवू नये. या पेशंटमध्ये रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी सहसा ८८ ते ९२ टक्क्यांदरम्यानच ठेवतात.