न्यायासनावरून राज्यकारभाराकडे : लुई द येर

न्यायालयात वाद दोन पक्षांचा असतो आणि निर्णय देणारा त्या दोहोंच्या बाहेरचा असतो. परंतु ज्या वादात निर्णय देणाराच एक पक्षकार आहे, त्याचा निकाल लागावा कसा? एकोणिसाव्या शतकात स्वीडनपुढे असाच वाद उभा राहिला, आणि तो मिटविण्याचे श्रेय मुख्यतः लुई द येर या न्यायाधीशाकडे जाते.

द येर यांचा जन्म १८१८ सालचा, एका उमराव घराण्यातला. उपसाला येथे कायद्याचे शिक्षण घेऊन ते न्यायखात्यात शिरले आणि १८५५ साली योता येथील अपील न्यायालयाचे अध्यक्ष झाले. तरुणपणी त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या होत्या. १८५८ साली राजाने त्यांना न्यायमंत्री केले. त्या काळी हे पद मंत्रिमंडळात अग्रस्थानी असे.

त्या वेळच्या स्वीडिश संसदेची रचना आपण ध्यानी घेतली पाहिजे. उमराव, धर्मोपदेशक, नगरवासी व्यापारी आणि शेतकरी अशा चार वर्गांच्या चार सभा वेगवेगळ्या बसत. उमरावांच्या सभेत तर प्रत्येक घराण्याच्या प्रमुखाला वंशपरंपरेनेच जागा असे. त्याला कोणी निवडून द्यावे लागत नसे. घटनेचा पाया बदलावयाचा तर चारही सभांची संमती हवी. म्हणजे ज्यांचा हक्क जावयाचा, त्यांनीच तो सोडण्यास हात वर केला पाहिजे!

द येर यांनी घाई केली नाही. त्यांच्या कारकिर्दीत १८६२ साली स्थानिक स्वराज्याचे कायदे होऊन जिल्हा-मंडळे स्थापन झाली. १८६३ च्या आरंभी त्यांनी आपली योजना मांडली : चार सभा मोडून दोन सभागृहे करावीत, वरिष्ठ सभागृहाचे सभासद जिल्हा-मंडळांनी व मोठ्या शहरांच्या नगरसभांनी निवडावेत आणि कनिष्ठाचे मतदारांनी. वरच्या सभेचा आधार आधी उभा केला आणि मग तिची मागणी केली, यातच त्यांचा धोरणीपणा दिसतो. निर्णय मात्र नियमाप्रमाणे पुढच्या अधिवेशनात व्हावयाचा होता.

ते अधिवेशन १८६५ साली भरले. नगरवासी व शेतकरी अनुकूल होते; धर्मोपदेशक उमराव काय करतात याची वाट पाहत होते. स्टॉकहोममध्ये लोक रस्त्यावर जमू लागले. ७ डिसेंबर रोजी उमरावांच्या सभेत मते मोजली गेली : बाजूने ३६१, विरुद्ध २९४. धर्मोपदेशकांनीही मग होकार दिला. १८६६ साली नवा कायदा अमलात आला. शेकडो वर्षांची व्यवस्था रक्ताचा थेंब न सांडता गेली, आणि तिला निरोप देणारा मनुष्य स्वतः उमरावच होता.

तरीही हे लोकशाहीचे पूर्णत्व नव्हे, हे आपण विसरता कामा नये. मताधिकार मालमत्ता वा उत्पन्न यांवर ठरत असे, आणि वरिष्ठ सभागृहात बसण्यासाठी तर मोठी संपत्ती लागे. मजूर आणि स्त्रिया दाराबाहेरच राहिल्या. स्त्रियांनी संसदेच्या निवडणुकीत प्रथम मत दिले ते १९२१ साली. शिवाय कनिष्ठ सभागृहात जमीनदार शेतकऱ्यांचा पक्ष प्रबळ झाला आणि त्याने सरकारला पुढे पुष्कळ त्रास दिला.

१८७६ साली पंतप्रधानपद निर्माण झाले तेव्हा पहिले पंतप्रधान द येरच झाले. परंतु लष्कराच्या पुनर्रचनेची योजना संसदेत फसली आणि १८८० साली त्यांनी पद सोडले. ज्या संसदेला त्यांनी जन्म दिला, तिनेच त्यांची योजना नाकारली. १८९६ साली ते वारले. त्यांची दोन सभागृहे मात्र १९७० पर्यंत टिकली.

आम्हांस वाटते, त्यांचे मोठेपण सर्वांना न्याय देण्यात नाही. तो त्यांनी दिला नाहीच. ते आहे आपल्याच वर्गाला पटविण्यात, की हक्क हिसकावून घेतला जाण्याआधी सोडून देण्यात शहाणपण असते. आणि एकदा उघडलेले दार पुढे अधिक रुंद करणे हे मागून येणाऱ्यांचे काम असते.