न मोजलेला स्वार
रस्ता आणि यंत्र : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण घड्याळाच्या हुकमतीखाली चालणाऱ्या, म्हणजे चौकात कोणी असो वा नसो, ठरल्या सेकंदाला लाल आणि ठरल्या सेकंदाला हिरव्या होणाऱ्या सिग्नलांचा विचार केला. अकलेचा अंश त्यांच्या ठायी नाही हे खरे, पण पक्षपातही नाही. मालमोटार असो, बैलगाडी असो की सायकल असो, मुदत भरली की ज्याची त्याला वाट मिळते. पक्षपाताचा प्रश्न उद्भवतो तो दिव्याला वाहनाची चाहूल घेणारी इंद्रिये दिल्यानंतर; आणि मोटारसायकल, स्कूटर, सायकल ही लहान वाहने या इंद्रियांना पुष्कळदा का उमगत नाहीत, हा आजच्या लेखांकाचा विषय आहे.

वाहन आल्याचे ओळखून रंग बदलणारा सिग्नल अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी चार्ल्स ॲडलर नावाच्या संशोधकाने १९२८ साली उभा केला. आडरस्त्याने येणाऱ्या चालकाने दिव्यापाशी थांबून भोंगा वाजवावा, तेथील ध्वनिग्राहकाने तो ऐकावा आणि मुख्य रस्त्यावरील वाहतूक रोखून त्याला वाट करून द्यावी, अशी ती योजना होती. आसपास राहणाऱ्यांच्या झोपेचे काय झाले असेल ते वाचकांनीच ताडावे; परंतु ज्याच्यापाशी भोंगा आहे त्या प्रत्येकाची फिर्याद हा सिग्नल सारख्याच कानांनी ऐकत असे, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. (मुंबई पोलिसांनी २०२० च्या जानेवारीत जाहीर केलेला प्रयोग याच्या नेमका उलट होता : भोंग्यांचा गोंगाट ८५ डेसिबलांपलीकडे गेला की लाल दिव्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावयाची.) पुढे भोंग्याची जागा रस्त्यात पुरलेल्या दाबपट्ट्यांनी घेतली. लंडनमध्ये कॉर्नहिल आणि ग्रेसचर्च स्ट्रीट जेथे मिळतात तेथे १९३२ साली असे दिवे बसविण्यात आले होते; रबरी नळीवरून चाक गेले की आतील हवेचा दाब बदलून यंत्रास वर्दी मिळे. ती नळी केव्हाच इतिहासजमा झाली. पण सिग्नल वाहनाचे वजन जोखतो, ही तिच्या काळातील समजूत मात्र आजही लोकांच्या मनात घर करून आहे, आणि हलक्या मोटारसायकलीला हिरवा दिवा मिळाला नाही की तिलाच नव्याने पुष्टी मिळते.

वस्तुतः वजनाचा येथे काडीमात्र संबंध नाही. १९६०च्या दशकापासून अमेरिकेत सर्वत्र रूढ झालेल्या पद्धतीत थांबरेषेमागील डांबरात किंवा काँक्रीटमध्ये करवतीने अरुंद खाच पाडतात, तीत तारेचे दोन-चार फेरे घालतात आणि वरून ती बुजवून टाकतात. या वेटोळ्याची लांबी-रुंदी बहुधा सहा-सहा फूट असते. तारेची टोके चौकाच्या कोपऱ्यावरील लोखंडी पेटीत जातात आणि तेथील उपकरण तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा पालटणारा प्रवाह सतत खेळवीत असते. वेटोळ्यावर चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूचा पत्रा आला की त्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उत्पन्न होतात, ते मूळ क्षेत्राला विरोध करतात, त्यामुळे वेटोळ्याचे प्रवर्तकत्व किंचित घटते आणि प्रवाहाची वारंवारता त्यानुसार वाढते. पेटीतील उपकरण जाणते ते हा फरक, दुसरे काही नाही. तो घडवून आणण्यास लोखंडच लागते असेही नाही. ॲल्युमिनियम हा उत्तम वाहक असल्याने तोही हे काम चोख बजावतो, आणि म्हणून मोटारसायकलीच्या बुडाशी लोहचुंबक चिकटविण्याचा जो उपाय काही विक्रेते सुचवितात, त्याने विक्रेत्याचे हित होण्यापलीकडे फारसे काही साधत नाही. हेडलाइटची उघडझाप करणे हीही तशीच एक समजूत. जमिनीतील तारेला डोळे नसतात.

मग अडते कोठे? मोटारगाडीचे बूड रस्त्याला समांतर पसरलेला रुंद पत्रा असतो आणि वेटोळ्याच्या मध्यभागी क्षेत्राची दिशा उभी असते; म्हणजे क्षेत्र या पत्र्यावर सरळ येऊन आदळते. मोटारसायकल ही याउलट उभी आणि अरुंद. वाऱ्यापुढे कागद पसरून धरला तर तो फडफडतो आणि त्याची नुसती कड वाऱ्याकडे केली तर वारा दोन्ही बाजूंनी निघून जातो, तसाच हा प्रकार आहे. अमेरिकेतील विद्युत उपकरणे बनविणाऱ्या कारखानदारांच्या संघाने आपल्या प्रमाणग्रंथात यासाठी तीन वर्ग पाडले आहेत : मोटारगाडीमुळे वेटोळ्याच्या प्रवर्तकत्वात होणारा बदल ३.२ टक्के, मोठ्या मोटारसायकलीमुळे ०.३२ टक्के, आणि लहान मोटारसायकलीमुळे अवघा ०.१३ टक्के. मोटारगाडीच्या तुलनेत लहान मोटारसायकलीची खूण सुमारे पंचविसाव्या हिश्श्याची ठरते.

येथे थांबून एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे, कारण सगळ्या मामल्याचे मर्म तीत आहे. ०.१३ टक्क्यांचा बदल उपकरणाला कळतच नाही असे मुळीच नाही. कळावा म्हणूनच तर त्याचा वर्ग पाडला आहे. परंतु पेटीतील उपकरणाची संवेदनशीलता कमीअधिक करण्याची सोय असते आणि ती किती ठेवावयाची हा निर्णय तेथे आलेला कर्मचारी घेतो. ती वाढविली तर शेजारच्या मार्गिकेतून जाणाऱ्या मालमोटारीची चाहूलही या वेटोळ्याला लागते, कोणी नसताना आडरस्त्याला हिरवा दिवा मिळतो, मुख्य रस्त्यावरील शेकडो लोक विनाकारण थांबतात आणि दुसऱ्या दिवशी तक्रारी येतात. कमी केली तर तक्रार करणारा एखाददुसरा मोटारसायकलस्वार असतो आणि तोही रात्री अडीच वाजता, जेव्हा कचेरीत दूरध्वनी उचलावयास कोणी नसते. दिवसा मागून एखादी मोटारगाडी येते आणि तिच्या पुण्याईने स्वाराचीही सुटका होते. रात्री तो एकटाच असतो. थोडक्यात, स्वार अदृश्य ठरतो तो निसर्गनियमाने नव्हे, तर कोणाची गैरसोय सोसावयाची आणि कोणाची टाळावयाची याविषयी कोणीतरी केलेल्या, आणि बहुधा कोठेही लिहून न ठेवलेल्या, फैसल्याने. यातील विपरीत प्रकार असा की तार पूर्णपणे तुटली तर बहुतेक उपकरणे सावधगिरी म्हणून 'वाहन उभे आहे' अशीच अखंड नोंद करीत राहतात. तेव्हा मोडलेल्या यंत्रापाशी स्वाराला न्याय मिळतो आणि धडधाकट यंत्रापाशी तो खोळंबतो.

अमेरिकी कायदेमंडळांनी यावर जे उपाय शोधले त्यांचे दोन पंथ आहेत. पहिल्याची सुरुवात मिनेसोटा राज्याने २००२ साली केली. त्या कायद्याने लाल दिवा ओलांडण्यास परवाना दिला असे म्हणता येणार नाही; खटला झालाच तर बचावाची एक सबब तेवढी दिली. आपण पूर्णपणे थांबलो होतो, दिवा गैरवाजवी काळ लाल राहिला, यंत्राने आपली दखल घेतली नसावी असे दिसत होते आणि दुसऱ्या बाजूने धोका होईल इतक्या जवळ कोणी येत नव्हते, हे सर्व स्वाराने दाखवून द्यावयाचे. पुढे अनेक राज्यांनी हेच तत्त्व उचलले. विस्कॉन्सिनने ४५ सेकंद थांबावे असे ठरविले. व्हर्जिनियाने १२० सेकंद किंवा दिव्याची दोन पूर्ण आवर्तने, यांपैकी जे आधी भरेल ते. इलिनॉयने १२० सेकंदांची मुभा दिली, पण वीस लाखांहून अधिक वस्तीची शहरे वगळून, म्हणजे शिकागोचे नाव न घेता शिकागो वगळून. या तरतुदींमागील सद्‌भाव मी नाकारीत नाही. तरीपण यंत्राचा कसूर तसाच ठेवून त्याची जोखीम स्वाराच्या माथी मारण्याचा हा व्यवहार आहे; अंधारात, निर्जन नाक्यावर, मनात सेकंद मोजीत, आडवा रस्ता मोकळा आहे की नाही याचा निवाडा त्यानेच करावयाचा, आणि तो चुकला तर किंमतही त्यानेच मोजावयाची.

दुसरा पंथ कॅलिफोर्नियाचा, आणि माझ्या मते तोच ग्राह्य. तेथे २००७ साली संमत झालेल्या कायद्याने दोष यंत्राचा मानून यंत्रालाच हुकूम दिला : यापुढे वाहनाची चाहूल घेणारा जो सिग्नल नव्याने बसेल किंवा ज्याचे सेन्सर बदलले जातील, त्याने मोटारसायकल आणि सायकल ओळखलीच पाहिजे. जुनी वेटोळी तत्काळ उखडावी असे त्यात नाही, त्यामुळे सुधारणा धिमी आहे. परंतु त्या राज्याच्या वाहतूकविषयक नियमपुस्तकात ओळखण्याची कसोटी म्हणून जो स्वार वर्णिला आहे, तो मोठा वाचनीय आहे. उंची किमान चार फूट. वजन किमान ९० पौंड, म्हणजे सुमारे ४१ किलो. सायकलीची चाके किमान १६ इंची. सांगाडा लोहचुंबकाला न चिकटणाऱ्या द्रव्याचा, धावा ॲल्युमिनियमच्या, आरे स्टेनलेस स्टीलचे, पुढे दिवा. हा स्वार म्हणजे जवळजवळ लहान मूलच आहे. सरकारी नियमपुस्तकात सरासरी माणसाचा मान मोठा असतो. येथे मात्र सरासरीला बाजूला सारून, जो सर्वांत सहज निसटेल त्यालाच मोजपट्टी केले आहे, आणि त्याच्याहून मोठे ते सारे आपोआप मोजले जातात.

हे साधण्याच्या युक्त्या अभियंत्यांना फार पूर्वीपासून अवगत आहेत. चौकोनी वेटोळ्याऐवजी तार इंग्रजी आठाच्या आकारात फिरविली तर मधल्या तारांतील प्रवाह एकाच दिशेने वाहतात, तेथील क्षेत्र बळावते आणि शेजारच्या मार्गिकेवरील परिणाम उलट घटतो. तिरप्या तारा घातल्या तर वेटोळ्याच्या सबंध रुंदीत कोठेही उभी असलेली सायकल कळून येते. जुन्या चौकोनी वेटोळ्यापाशी थांबणाऱ्या स्वारासाठीही यातच एक उपाय आहे. तारेच्या अगदी वर क्षेत्र उभे नसून आडवे असते, म्हणून मधोमध न थांबता, रस्त्यावर करवतीची जी लांबट खूण दिसते तिच्यावर दोन्ही चाके ठेवून उभे राहिले म्हणजे यंत्राला त्याची वर्दी मिळण्याचा संभव पुष्कळ वाढतो. अमेरिकेत काही ठिकाणी तेवढ्यासाठी रस्त्यावर सायकलस्वाराचे छोटे चिन्हही रंगवितात.

आपल्याकडे प्रश्नाचे स्वरूपच निराळे आहे. भारतात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत. सिग्नल अद्याप पुष्कळ ठिकाणी घड्याळावर चालतात आणि रात्री त्यांचा पिवळा दिवा नुसता लुकलुकत ठेवण्याचा शिरस्ता आहे, तेव्हा दिव्याने ओळखले नाही म्हणून ताटकळलेला एकाकी स्वार पुण्यात शोधूनही विरळाच सापडेल. येथील अडचण गर्दीची. मार्गिकेची शिस्त कोणी पाळीत नाही, एका बसच्या दोन्ही अंगांना पाच-सहा स्कूटर दाटीवाटीने उभ्या असतात, आणि सहा फुटी वेटोळ्याला ती सगळी मिळून एकच धातूची रास वाटते. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी २०१२ साली यावर एक रचना प्रसिद्ध केली : रस्त्याच्या रुंदीएवढ्या मोठ्या वेटोळ्याच्या पोटात अनेक लहान वेटोळी बसवावयाची, मोठ्याने बस ओळखावी, लहानांनी सायकल आणि मोटारसायकल, आणि ही सर्व एकाच वेळी शेजारी-शेजारी असली तरी वेगवेगळी मोजावी. रचना चतुर आहे. पण ती टिकण्यास रस्ताही टिकावा लागतो. जलवाहिनी, केबल, गॅस आणि पावसाळ्यानंतरचे डांबरीकरण यांच्या निमित्ताने वर्षभर खणल्या जाणाऱ्या रस्त्यात चार-सहा सेंटिमीटर खोल पुरलेली तार किती काळ अभंग राहील, याचे उत्तर पालिकेच्या कोणत्याही कनिष्ठ अभियंत्याला तोंडपाठ असते. म्हणून आपल्या शहरांचा कल जमिनीतील तारेऐवजी खांबावरील कॅमेऱ्याकडे आहे. कॅमेऱ्याला धातूचे सोयरसुतक नाही, त्याला आकृती लागते. आणि रात्री, मुसळधार पावसात, एकाच दिव्याची आकृती त्याला कशी दिसते, हे पुढील लेखांकात पाहू.