हिरव्या इग्वानासाठी पिंजरा कसा निवडावा?

मुलं मोबाईलवर इग्वाना बघतात आणि 'आपणही पाळू' म्हणतात. आधी पिंजऱ्याचा हिशेब करा.

वीतभर पिल्लू काही वर्षांत शेपटीसह पाच फूट होतं. म्हणून पिंजरा मोठ्या इग्वानाच्या मापाने घ्यावा. हा झाडावर राहणारा प्राणी. किमान सहा फूट लांब, सहा फूट उंच, तीन फूट रुंद जागा आणि जाड फांद्या हव्यात.

काचेची पेटी नको. हिमायतनगरच्या मे महिन्यात ती भट्टीसारखी तापते. शिवाय हाडं मजबूत ठेवणारे अतिनील किरण काच अडवते. जाळीचा पिंजरा घ्या. एका बाजूला ऊन, दुसरीकडे कायम सावली ठेवा. आपली हवा कोरडी, म्हणून रोज पाणी फवारा.

परदेशी प्राणी असल्याने वन विभागाकडे नोंदणी लागते. इग्वाना सांगून कुणी घोरपड देत असेल तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

मुलांना फरशीवर खडूने सहा बाय तीन फुटांची चौकट आखायला लावा. एवढी जागा पंधरा वर्षं देता येईल का, हे त्यांच्यासोबत बसून ठरवा.