धुणाऱ्या यंत्राचे धुणे

ज्याच्या पोटात नित्य साबण आणि पाणी जाते, ते यंत्र स्वतः अस्वच्छ कसे असू शकेल, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो, आणि वरवर पाहता तो रास्तही वाटतो. माठ घासावा लागतो, शेगडी पुसावी लागते, पाण्याची टाकी वर्षातून एकदोनदा उपसावी लागते. कपडे धुण्याचे यंत्र तेवढे आपोआप स्वच्छ राहत असले पाहिजे, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. मग एके दिवशी असे होते की, कडकडीत वाळलेला टॉवेल आंघोळीनंतर अंगास लावावा आणि तो ओला होताच त्यास कुबट वास सुटावा. घरातील मंडळी पावडरला दोष देतात, पावडर बदलतात, सुवासिक द्रव ओततात. वास चार दिवस दबतो व पुन्हा येतो. दोष पावडरचा नसतो. यंत्राच्या पोटात जे साचले आहे, त्याचा असतो.

नदीकाठचा धुण्याचा दगड आणि हे यंत्र यांत एक मोठा भेद आहे. दगडावर आपटलेल्या कपड्याचा मळ वाहत्या पाण्याबरोबर निघून जातो आणि धुणे आटोपले की तो दगड दिवसभर उन्हात तापतो. यंत्राचे पोट याच्या अगदी उलट, म्हणजे बंद, अंधारे, ओलसर व कोमट. शिवाय डोळ्यांस दिसतो तो त्याचा निम्माच भाग. बहुतेक स्वयंचलित यंत्रांत भोकाभोकांचा पोलादी ड्रम आत असतो आणि त्याच्याभोवती पाणी धरून ठेवणारा दुसरा, बहुधा प्लॅस्टिकचा, टब असतो. ड्रमची आतली बाजू चकचकीत दिसते, कारण कपडेच तिला रोज घासतात. मळ साचतो तो ड्रमच्या बाहेरच्या अंगास आणि टबच्या आतल्या अंगास, जेथे कपडाही पोचत नाही व हातही पोचत नाही.

हा मळ म्हणजे नुसती धूळ नव्हे. अंगाचे तेल, कपड्यांचे तंतू, न विरघळलेली पावडर, कपडे मऊ करण्यासाठी वापरतात त्या द्रवातील मेणासारखा अंश आणि पाण्यातील क्षार यांचा तो एक बुळबुळीत लेप असतो. त्यात सूक्ष्म जंतू वस्ती करतात व आपल्याभोवती चिकट आवरण विणून सुखाने राहतात. ओल्या फडक्याचा जो विशिष्ट वास सर्वांच्या परिचयाचा आहे, त्याचा शोध जपानी संशोधकांनी घेतला, आणि २०१२ साली मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जंतू त्यास कारण असल्याचे दाखवून दिले. कपड्यातील मळावर जगत असता तो एक आम्ल निर्माण करतो व त्या आम्लाचा हा दर्प असतो. हा जंतू कपडा वाळल्याने मरत नाही. म्हणूनच वाळलेला टॉवेल निर्गंध वाटतो आणि ओला होताच पुन्हा बोलू लागतो. निरोगी माणसास या जंतूंपासून बहुधा काही अपाय होत नाही. परंतु ज्या घरात तान्हे मूल आहे किंवा अंथरुणास खिळलेला रुग्ण आहे, तेथे दुपटी व चादरी अशा पोटातून काढणे इष्ट नव्हे.

आता लेप बसतो कशाने? पहिले कारण म्हणजे उदारपणा. मूठभर पावडरीने कपडे स्वच्छ होतात, तर दोन मुठींनी अधिक होतील, हा हिशेब हाताने धुण्याच्या काळातील आहे. यंत्रात फेस वाढला की कपडे एकमेकांवर घासले जाण्याऐवजी फेसाच्या गादीवर लोळतात, आणि खळबळून काढण्यास तेवढे पाणी पुरत नाही. समोरून दार असलेल्या यंत्रात पाणी मुळातच थोडे घेतले जाते. त्यात हातधुलाईची फेसाळ पावडर घालणे म्हणजे यंत्रास उपद्रव देणेच होय. त्यासाठी कमी फेसाची पावडर निराळी मिळते, तीच घ्यावी. परीक्षा अगदी सोपी आहे. कपडे व पावडर काहीही न घालता गरम पाण्यावर यंत्र चालवावे. दाराच्या काचेतून किंवा झाकण उचलून पाहता फेस दिसला, तर तो गेल्या अनेक धुण्यांचा शिल्लक साबण आहे, असे खुशाल समजावे.

दुसरे कारण पाणी, आणि येथे गावोगावचा अनुभव वेगळा आहे. दख्खनच्या पठारावर, हैदराबादेच्या वसाहतींतून, किंवा जेथे जेथे नळाच्या पाण्यास बोअरची जोड द्यावी लागते तेथे, पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार पुष्कळ असतात. शालेय पुस्तकांत ज्यास दुष्फेन जल म्हणतात, ते हेच. पिण्याच्या पाण्याविषयीच्या भारतीय मानकात, २०१२ च्या आवृत्तीनुसार, हा दुष्फेनपणा एका लिटरास २०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट मानले आहे आणि दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतले आहे. यावरून अंतर किती मोठे असू शकते, हे ध्यानात यावे. घरच्या घरी पारख करावयाची तर एका बाटलीत आपले पाणी व दुसरीत पावसाचे पाणी घ्यावे, दोहोंत साध्या साबणाच्या वडीचा थोडा कीस टाकून हलवावे. पावसाच्या पाण्यात दाट फेस येईल. दुष्फेन पाण्यात दह्यासारखी पांढरी कीट तरंगेल. प्रयोगास साबणाची वडीच हवी, पावडर चालत नाही, कारण पावडरीत क्षारांना आवरणारे पदार्थ आधीच मिसळलेले असतात.

असे पाणी तापविले की त्यातील क्षाराचा खडू होऊन तो तापक नळीवर बसतो. चहाच्या किटलीत जी पांढरी खपली धरते, तीच ही. तापक नळीवर तिचा थर चढला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, वीज अधिक जळते आणि अखेर नळीच जळून जाते. समोरून दार असलेल्या यंत्रात आणखी एक धोका असतो. पोलादी ड्रमला मागून धरून ठेवणारा तीन हातांचा आधार बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. साबणाचा अल्कधर्मी गाळ त्याच्या खाचांत ओला राहिला की तो धातू हळूहळू खाल्ला जातो, आणि एखादे दिवशी पिळताना प्रचंड खडखडाट होऊन ड्रम एका बाजूस लोंबू लागतो. ही दुरुस्ती इतकी खर्चाची असते की पुष्कळ कुटुंबांत ते यंत्र सरळ भंगारात जाते. पाचशे रुपयांची काळजी न घेतल्याने वीस-पंचवीस हजारांची वस्तू अकाली जावी, हे मध्यम मिळकतीच्या घरास परवडणारे नाही.

खडूवर उपाय आम्लाचा, पण सौम्य आम्लाचा. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून जे पांढरे स्फटिक मिळतात, ते सायट्रिक आम्ल या कामी उत्तम. रिकाम्या ड्रममध्ये सुमारे १०० ग्रॅम लिंबूसत्व टाकून यंत्र ६० अंशांच्या धुण्यावर एकदा चालवावे व नंतर एकदा नुसत्या पाण्याने खळबळावे. पाणी फार क्षारयुक्त असेल तर दोनतीन महिन्यांनी, एरव्ही सहा महिन्यांनी हे पुरे. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत निराळे सांगितले असेल, तर पुस्तिकेचे ऐकावे. संडास धुण्याचे तीव्र आम्ल मात्र यंत्रात कदापि ओतू नये; ते खडूबरोबर धातू व रबर यांचाही फडशा पाडते.

आणि येथे एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. वास व बुरशी जावी म्हणून काही जण क्लोरीनचे ब्लीच वापरतात. ब्लीच आणि कोणतेही आम्ल, मग ते लिंबूसत्व असो वा शिरका, एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू विषारी आहे. खिडकी बंद असलेल्या लहानशा न्हाणीघरात तो श्वास कोंडून टाकण्यास पुरेसा होतो. दोन औषधे एकत्र केली म्हणजे गुण दुप्पट येईल, ही समजूत येथे जिवावर बेतू शकते. आम्लाचे काम एका दिवशी करावे, ब्लीचचे दुसऱ्या दिवशी, आणि मध्ये स्वच्छ पाण्याची खळबळ अवश्य द्यावी. ऑक्सिजनचे ब्लीच म्हणून जी पावडर मिळते, ती गरम पाण्यात घालून रिकामे यंत्र चालविणे हा अधिक निर्धोक मार्ग होय.

गोव्याची गोष्ट वेगळी. जांभ्या दगडाच्या भूमीतील विहिरींचे पाणी बहुधा सुफेन असते. खडूचा त्रास तेथे कमी. परंतु जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवाच इतकी ओली असते की यंत्राचे पोट वाळत म्हणून नाही, आणि दाराच्या रबरावर काळी बुरशी ठिपके धरते. त्यातून पाण्यात लोहाचा अंश असेल तर पांढऱ्या कपड्यांवर पिवळट तांबूस डाग उमटतात. रविवारी प्रार्थनेस जाण्यासाठी काढलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर असा डाग दिसला की घरात प्रथम ब्लीचची बाटली शोधली जाते. त्याने डाग अधिकच पक्का होतो, कारण ब्लीच लोहास गंज बनवून कपड्यात बसविते. या डागावरही लिंबूसत्वच गुणकारी. ते गंज विरघळविते.

समोरच्या दाराच्या रबराची घडी हे घाणीचे खरे माहेरघर. बोटांनी ती घडी उलगडून पाहावी. केस, तंतू, नाणी, क्वचित मुलाचा एक मोजा तेथे हमखास सापडतो. शेवटचे धुणे झाले की कोरड्या फडक्याने ती घडी पुसणे, हे एका मिनिटाचे काम आहे, आणि सर्व उपायांत त्याचेच फळ अधिक मिळते. पावडरीचा खणही बाहेर ओढून नळाखाली जुन्या दातघासणीने धुवावा; मऊपणाच्या द्रवाचा कप्पा पाहिल्यावर तो द्रव पुन्हा विकत घ्यावा की नाही, याचा विचार गृहिणी आपणच करील. थंड पाण्यात धुणे विजेच्या दृष्टीने योग्य आहे, परंतु महिन्यातून एकदोनदा तरी चादरी-टॉवेलांचे धुणे ६० अंशांवर घ्यावे, म्हणजे जंतूंची वस्ती उठते.

समोरून दार असलेल्या यंत्राच्या तळाशी कोपऱ्यात एक लहान झाकण असते. त्यामागे पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाची गाळणी असते. यंत्र पिळत नाही, पाणी तुंबते, अशी तक्रार आल्यावर पुष्कळदा एवढीच गाळणी साफ करून कारागीर भेटीचे पैसे घेऊन जातो. हे काम घरी होण्याजोगे आहे. बटण बंद करून पिन काढावी, आतले पाणी निवू द्यावे, खाली पसरट ताट व फडके ठेवावे, आणि गाळणी सावकाश उलटी फिरवावी. एकदोन लिटर पाणी येईल, त्यामागून टाचण्या, गुंड्या व केसांचे पुंजके येतील. गाळणी परत घट्ट बसवावी. ढिली राहिल्यास पुढच्या धुण्याला घरभर पूर येतो. वरून झाकण असलेल्या यंत्रात तंतू धरणारी जाळीची पिशवी ड्रमच्या भिंतीस असते. ती दर धुण्यानंतर उलटी करून झटकावी.

यंत्र भरण्यास फार वेळ लागू लागला, तर नळीच्या तोंडाची बारीक जाळी पाहावी. गच्चीवरची टाकी धुतल्यावर, किंवा दोनचार दिवस बंद राहिलेला नळ सुरू झाल्यावर, पहिले गढूळ पाणी दुसऱ्या नळाने सोडून द्यावे व मगच यंत्र लावावे. या एका सवयीने ती जाळी बराच काळ स्वच्छ राहते.

दोन टाक्यांचे अर्धस्वयंचलित यंत्र अजूनही असंख्य घरांतून काम करीत आहे, आणि जेथे पाणी दिवसाआड येते तेथे त्याचे महत्त्व मोठे आहे. त्याच्या तळाच्या फिरत्या चकतीखाली गाळाचा थर जमतो. पिन काढून, मधला स्क्रू सोडवून चकती उचलली की ती जागा हाताने घासता येते. पिळण्याच्या टाकीत कपडे गोल व दाबून बसवावेत आणि वर प्लॅस्टिकची चकती ठेवावी. लहान रुमाल टोपलीच्या बाहेर उडून खाली अडकतो, तो या चकतीच्या अभावीच. या यंत्रात गरम पाणी बाहेरून ओतावयाचे असते. ते उकळते असू नये, प्लॅस्टिक वाकते.

उंदरांचा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काही यंत्रांचा तळ उघडा असतो, आत ऊब असते, आणि तारांवरील प्लॅस्टिक कुरतडण्यास उंदरांना आवडते. तळास बसवावयाची जाळी थोड्या पैशात मिळते. यंत्राचे चारही पाय जमिनीवर सारखे टेकलेले असावेत. डुगडुगणारे यंत्र आपल्याच हादऱ्यांनी झिजते. पिन अर्थिंग असलेल्या स्वतंत्र जाड सॉकेटातच असावी, लांबणीच्या तारेवर नव्हे. यंत्रास हात लावताच मुंग्या येत असतील, तर त्याच क्षणी ते बंद करून वीजतंत्रज्ञास बोलवावे. मागचे झाकण मात्र घरातल्या कोणी उघडू नये. पिन काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये वीज काही काळ साठलेली राहू शकते.

राहिला प्रश्न दाराचा. धुणे आटोपल्यावर दार उघडे ठेवावे, असे सर्वत्र सांगितले जाते, आणि हवा खेळण्यासाठी ते आवश्यकही आहे. पण घरात तीनचार वर्षांचे मूल असेल, तर समोरचे उघडे दार त्यास गुहेसारखे वाटते. मूल आत शिरून दार बंद होण्याचा धोका खरा आहे. अशा घरी दार सताड उघडे न टाकता फडक्याची घडी मध्ये ठेवून बोटभर फट राखावी, न्हाणीघराच्या दारास वरून कडी लावावी, आणि यंत्राचे बटण भिंतीवरूनच बंद करावे. मुलाचे झोपेचे तास साधून दोन तास दार पूर्ण उघडे ठेवले, तरी आतली ओल बरीचशी निघून जाते.